मोटारसायकल बांधण्याचा कार्यक्रम मुलांनी पाहावा का?

वाकोल्यातला माझा दवाखाना बंद करायच्या वेळी एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. डोळे लाल, सारखे पाणी, ‘डोळ्यांत वाळू गेलीय’ म्हणून रडत होता. वाळू नव्हती. दुपारी तो गॅरेजसमोर उभा राहून वेल्डिंग पाहत होता. गिऱ्हाइकाच्या पसंतीची मोटारसायकल बांधून देणाऱ्या बापलेकांचा ‘अमेरिकन चॉपर’ हा कार्यक्रम २००३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीवर सुरू झाला. त्याचे जुने भाग पाहून त्याला हे वेड लागलेले.

पडद्यावरच्या ठिणगीने काही होत नाही. खऱ्या वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी मात्र बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि दुखणे सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. डोळे चोळू नयेत, मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी व डॉक्टरांना दाखवावे. बधिर करणारे थेंब घरी वापरू नयेत. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो.

मग कार्यक्रम बंद करावा? मला तसे वाटत नाही. पत्र्या-नळ्यांतून गाडी उभी राहताना पाहणे चांगलेच. खटकते ती बापलेकांची आरडाओरड. मुले तीही उचलतात. दहाच्या आतल्या मुलाला एकट्याने पाहू देऊ नका. शेजारी बसा, वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा दाखवा. या मुलाला तो आठवतच नव्हता.