ठोकळ्यांचे ग्रंथालय

मुलांनो, ‘माइनक्राफ्ट’ या संगणकावरील खेळात सारे जग ठोकळ्यांचे असते. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूवर आडवे १६ व उभे १६, असे २५६ चिमुकले चौकोन असतात. त्यांत नवे रंग भरले, की साध्या दगडाचा संगमरवर होतो. मात्र कडा एकमेकींशी जुळावयास हव्यात. नाहीतर भिंतीवर सांधे उघडे पडतात.

ही कला शिकलेल्या १६ देशांतील २४ कारागिरांनी २०२० साली ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी सुमारे सव्वा कोटी ठोकळे रचून या खेळात एक भव्य ग्रंथालय उभारले. पत्रकारांच्या ज्या लेखांवर त्यांच्या देशांत बंदी होती, ते लेख येथील पुस्तकांत वाचकांसाठी खुले झाले. खेळता खेळता शिकलेली कला अशी सत्याच्याही कामी येते.