फटफटीचा तोल

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक काका येतात. वय पन्नाशीच्या पुढे. तीन एकर शेती. काकूंना दर पंधरा दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. गावाहून सकाळी एकच एस.टी. सुटते. ती चुकली की दिवस गेला. म्हणून काकांनी फटफटी घेतली. जुनी, पण चांगली.

पहिल्याच दिवशी काका पडले. तेही पारासमोर. पोरे हसली. कोणी म्हणाले, "काका, बैलगाडीच बरी!" काकांचा गुडघा खरचटला. फार लागले नाही. पण मन खट्टू झाले. त्यांनी फटफटी गोठ्यात लावली आणि वर पोते टाकले.

आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "गुरुजी, यांना सांगा की. एक तर विका, नाही तर नीट शिका."

काका हळूच म्हणाले, "भ्या वाटतं, गुरुजी."

आम्ही म्हणालो, "पाटीवर पहिलं अक्षर काढलंत तेव्हाही हात कापत होता. आज वर्तमानपत्र वाचता. एकेक अक्षर गिरवलंत म्हणून. हेही तसंच गिरवायचं."

आधी परवाना

काकांजवळ परवाना नव्हता. ही पहिली चूक. परवान्याशिवाय गाडी चालवणे हा गुन्हा आहे. गिअरच्या गाडीसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत. आधी शिकाऊ परवाना मिळतो. त्याची परीक्षा मराठीतून देता येते. काकांनी सगळे प्रश्न स्वतः वाचले. कोणाला विचारावे लागले नाही.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो. 30 दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावायचे. शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नाही.

मैदानात सराव

बाजाराचे मैदान आठवड्यातून सहा दिवस मोकळे असते. आम्ही सकाळी तिथे जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी यंत्र सुरूच केले नाही. काकांनी फटफटी हाताने धरून चालवली. तिचे वजन अंगवळणी पडू दिले. मग बसून हात-पाय ओळखून घेतले. डाव्या हाताला क्लच. डाव्या पायाला गिअर. उजव्या हाताला वेग आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाला मागचा ब्रेक.

दुसऱ्या दिवशी पहिला गिअर टाकला. काका पडले होते ते क्लच एकदम सोडल्यामुळे. गाडीने उडी घेतली होती. आता आम्ही सांगितले, "क्लच हळूहळू सोडा. गाडी पुढे ओढू लागली की तिथंच हात थांबवा." दहा पावले जायचे, थांबायचे. पुन्हा दहा पावले. असे चार दिवस चालले.

तरी गाडी डुलत होती. काका पुढच्या चाकाकडे पाहत होते.

आम्ही विचारले, "काका, नांगर धरता तेव्हा कुठं बघता?"

"समोरच्या बांधाकडं. नाही तर तास वाकडं जातं."

"मग इथंही बांधाकडंच बघा."

काकांनी मान वर केली. फटफटी सरळ चालू लागली. नजर जाते तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावली तर गाडी खड्ड्यातच जाते.

आणखी एक गोष्ट. उभी फटफटी सोडली तर पडते. चालती फटफटी स्वतःला सावरते. म्हणून फार हळू चालवणे हेच अवघड काम आहे. हात सैल ठेवावेत. गुडघे टाकीला टेकवावेत. काकांनी दोन दगड मांडून त्यांभोवती आठचा आकडा गिरवला. परवान्याच्या परीक्षेलाही तेच करून दाखवावे लागते.

थांबणे शिका

गाडी पळवणे सोपे. थांबवणे शिकावे लागते. ब्रेक दाबला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत, पण हिसका देऊ नये. गाईची धार काढताना हात दाबतो, तसे दाबत जावे. वळणावर, खडीवर आणि चिखलात जोराने ब्रेक दाबू नये. वेग आधीच कमी करावा.

ताशी 40 किलोमीटर वेग असला तर एका सेकंदात गाडी 11 मीटर, म्हणजे सुमारे 36 फूट जाते. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट जागा लागते. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे. रात्री तर फारच जपावे. उसाच्या ट्रॉलीला कित्येकदा मागे दिवा नसतो.

दोन डोकी, दोन हेल्मेटे

पक्का परवाना मिळाला. काकांनी एक हेल्मेट आणले. काकू म्हणाल्या, "डोकं काय तुम्हालाच आहे?" दुसऱ्या दिवशी दुसरे आणले. दोन्हींवर आय.एस.आय.चा शिक्का पाहून घेतला. हेल्मेट नुसते डोक्यावर ठेवून उपयोग नाही. हनुवटीखाली पट्टा लावावा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतेच. काकूंनी पदर घट्ट खोचला. पदर चाकात गेला तर माणूस खाली ओढला जातो. फटफटीवर दोघांनीच बसावे. तिसऱ्याला जागा नाही.

दवाखान्याची पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला परतताना जोराचा पाऊस आला. अंधार पडला. काकांनी फटफटी वळवली, पाहुण्यांच्या घरी लावली आणि मुक्काम केला.

सकाळी पारावर कोणी विचारले, "काय काका, भ्यालात?"

काका म्हणाले, "रस्ता दिसत नव्हता. दिसत नाही तिथं जायचं नाही, एवढंच."

या वेळी कोणी हसले नाही.

मंडळी, शिकायला वय आड येत नाही. भीती वाटली तर लाजू नका. तिला सोबत घ्या आणि सावकाश शिका. घरी कोणी तरी वाट पाहत असते.

वाचा आणि सांगा

1. काका पहिल्या दिवशी का पडले?
2. गाडी चालवताना नजर कोठे असावी?
3. वळणावर वेग केव्हा कमी करावा?
4. तुमच्या घरी हेल्मेटे किती? बसणारे किती?