वांकेल एंजिनाची पुनर्जोडणी : झिजलेल्या भागांची पारख

एंजिन दुरुस्तीसाठी पूर्णपणे खोलले की कारागिरापुढे पहिला प्रश्न जुन्या भागांचा असतो. कोणता भाग पुन्हा बसवावयाचा आणि कोणता बाजूला काढावयाचा? सर्वच भाग नवे घातले तर खर्च एंजिनाच्या किमतीला भिडतो. झिजलेला भाग तसाच बसविला तर त्याच्या शेजारचा चांगला भागही थोड्याच दिवसांत निकामी होतो. वांकेल एंजिनाच्या बाबतीत हा निर्णय विशेष नाजूक ठरतो, कारण त्यात हलणारे भाग थोडे आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्यावर घासत चालणारा असतो.

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या एंजिनात वर-खाली होणारा दट्ट्या नाही, झडपा नाहीत आणि जोडदांडाही नाही. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसणारा रोटर कमरेत किंचित आवळलेल्या अंडाकृती कवचात फिरतो. रोटरच्या तीन बाजू आणि कवच यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात व इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे या क्रिया त्यांत एकामागून एक चालतात. रोटरचा एक फेरा पुरा होतो तेव्हा मधल्या उत्केंद्री दांड्याचे तीन फेरे होतात. एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात शिरू नये म्हणून प्रत्येक रोटरला टोकांवर तीन शिखर-सील, दोन्ही अंगांना मिळून सहा बाजूची सील आणि कोपऱ्यांत सहा गोल सील असतात. एंजिनाची सारी ताकद या पंधरा लहान तुकड्यांच्या स्वाधीन असते.

या तुकड्यांनी मोठमोठ्या कारखान्यांना घाम फोडला आहे. एन.एस.यू. या जर्मन कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले नमुना-एंजिन चालले. १९६७ मध्ये त्याच कंपनीची आर-ओ ८० ही मोटार बाजारात आली आणि लवकरच शिखर-सीलच्या झिजेमुळे तिची एंजिने परत येऊ लागली. कंपनीने हमीप्रमाणे ती उदारपणे बदलून दिली. पुढे दोष बहुतांशी दूर झाले, पण तोवर पैसा आणि पत दोन्हींना धक्का बसला होता. जपानमध्ये हिरोशिमा येथील तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझ्दा, या कंपनीपुढे वेगळेच संकट होते. सील थरथरत फिरल्याने कवचाच्या आतील पृष्ठभागावर आडवे चरे उमटत. तेथील अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या तुकडीने अॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची सील तयार करून त्यावर मात केली आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस आली.

भारतातही या विषयात काम झाले आहे. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल एंजिन तयार करण्यात बंगळूरच्या दोन संस्थांबरोबर अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा वाटा होता. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ त्या एंजिनावर निशांतचे उड्डाण झाले. खाली दिलेली मोजमापे मात्र माझ्दाच्या आर.एक्स.-७ (१९७८–२००२) या मोटारीच्या एंजिनांची आहेत.

खोलण्यापूर्वी

पारखीचा आरंभ पाना हाती घेण्यापूर्वीच होतो. एंजिन गरम असताना प्रत्येक रोटरचा दाब मोजावयाचा असतो. नेहमीच्या एंजिनासाठी वापरले जाणारे दाबमापक येथे फसवे ठरते. ते सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते, त्यामुळे रोटरच्या तीनपैकी दोन बाजू चांगल्या व एक निकामी असली तरी दाब उत्तम असल्याचा भास होतो. तिन्ही बाजूंचे तीन आकडे स्वतंत्रपणे मिळाले पाहिजेत. एकच बाजू कमी दाखवीत असेल तर संशय त्या बाजूच्या सीलवर जातो. तिन्ही बाजू सारख्याच कमी असतील तर दोष बहुधा कवचात असतो.

खोलताना निघालेले प्रत्येक सील कोणत्या रोटरच्या कोणत्या खाचेतून आले, हे क्रमांक घातलेल्या खणांच्या तबकात ठेवून जपावे लागते. एका खाचेत घासून बसलेले सील दुसऱ्या खाचेत गेले तर मोजमापात उतरूनही ते गळते. हे तबक ज्या कार्यशाळेत नाही, तेथे जुन्या भागांच्या पुनर्वापराची गोष्ट न काढलेलीच बरी. काजळी काढण्यासाठी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. पोलादी खरवडणीने पडलेला एक ओरखडा वर्षभराच्या झिजेहून अधिक नुकसान करतो.

कवच आणि बाजूच्या तबकड्या

सर्व निर्णयांच्या मुळाशी रोटरचे कवच असते. ते अॅल्युमिनियमचे असून आतून त्यावर कठीण क्रोमचा पातळ मुलामा असतो. हा मुलामा कडेला, विशेषतः स्पार्क प्लगच्या छिद्रांच्या आसपास व धूर बाहेर पडण्याच्या मार्गाजवळ, पापुद्र्यासारखा सुटू लागतो. उजेडात तिरपे धरून पाहिले आणि नख फिरविले की तो कळतो. कारखान्याच्या नियमाप्रमाणे मुलामा सुटलेले कवच बदलावयाचे असते. कडेवरचा अगदी किरकोळ पापुद्रा अनुभवी कारागीर चालवून घेतात, पण सील ज्या मार्गाने फिरते त्या मधल्या पट्ट्यात मुलामा गेला असेल तर तडजोडीला जागा उरत नाही. अशा कवचात नवी सील घालणे म्हणजे नवी सीलही वाया घालविणे होय. पैसे वाचविण्याच्या हेतूने नेमकी हीच चूक सर्वाधिक होते.

रोटरच्या दोन्ही अंगांना असणाऱ्या बिडाच्या तबकड्यांवर बाजूची सील घासतात व तेथे पायरीसारखी झीज होते. ती डायल गेजने मोजतात. पायरी ०.१० मि.मी.पर्यंत चालते, तबकडीचा वाक मात्र ०.०४ मि.मी.हून अधिक असता कामा नये. एंजिन एकदा जरी अतिशय तापले असेल तरी हा वाक तपासावाच. झिजलेली तबकडी घासून सपाट करता येते. पण पुढील काळातील तबकड्यांचा पृष्ठभाग नायट्रोजनच्या प्रक्रियेने कठीण केलेला असतो आणि घासताना तो पातळ थरच निघून जातो. वरून चकचकीत दिसणारी अशी तबकडी मग आतून मऊ असते व लवकर झिजते.

सील

शिखर-सीलची उंची मायक्रोमीटरने मोजतात. आर.एक्स.-७ च्या दुसऱ्या पिढीत नवे सील सुमारे ८ मि.मी. उंच असते व ६.५ मि.मी. ही शेवटची मर्यादा होय. सील मर्यादेजवळ आलेले असेल तर एंजिन उघडलेलेच असताना ते बदलणे शहाणपणाचे. रोटरच्या खाचेत सीलची मोकळीक ०.१५ मि.मी.हून अधिक झाली तर सील डुलते. अशा वेळी नव्या सीलने काम भागत नाही, रोटरच बदलावा लागतो. बाजूचे सील आणि कोपऱ्याचे सील यांच्यामधील फट नव्या जोडणीत ०.०५ ते ०.१५ मि.मी. ठेवतात व ०.४० पर्यंत चालते. नवे सील मुद्दाम लांब घेऊन त्याचे टोक कानशीने थोडे थोडे घासत, दर खेपेस फिलर गेज लावून, ही फट साधावी लागते. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. तेल अडविणाऱ्या कड्यांची घासणारी धार ०.५ मि.मी.हून रुंद झाली असेल तर ती कडी टाकावी, नाही तर एंजिन निळसर धूर सोडू लागते.

सीलखालच्या स्प्रिंगा तापून ढिल्या पडतात व पाणी अडविणारी रबरी कडी एकदा दबली की पुन्हा फुगत नाहीत. या दोन्हींचा पुनर्वापर करू नये.

सरकारी कार्यालयांत यंत्रांचे निर्लेखन होते तेव्हा 'झीज झाली आहे' एवढाच शेरा पुष्कळदा आढळतो. किती झाली, हा आकडा नसतो. वांकेल एंजिनाच्या कार्यशाळेत असा शेरा चालत नाही. तेथे डोळ्यांना वाईट दिसणारा भाग मोजमापात उतरतो आणि नवा भासणारा भाग बाद होतो.

उत्केंद्री दांडा सहसा फारसा त्रास देत नाही. बेअरिंगवरील वरचा थर जाऊन तांबे दिसू लागले असेल तरच ते बदलावे. जोडणी पूर्ण झाल्यावर दांड्याची पुढे-मागे होणारी हालचाल मोजतात. ती ०.०४ ते ०.०७ मि.मी. असावी. ०.०९ च्या वर गेली तर मधला स्पेसर बदलून पुन्हा मोजावी लागते. एंजिन काही काळ चालून सील घासून बसली की प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब पुन्हा घेतात आणि ते आकडे खोलण्यापूर्वीच्या आकड्यांशेजारी नोंदवहीत लिहून ठेवतात.