निद्रा आणि जागृती

इ. स. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असता, व्हिएन्ना नगरीत एका विलक्षण रोगाने अनेकांना ग्रासले. काही रोगी जेवता जेवता झोपी जात. हाक मारली असता डोळे उघडीत, उत्तर देत आणि पुन्हा निद्राधीन होत. उलट, काहींचा रात्रंदिवस डोळ्याला डोळा लागत नसे. कित्येक रोगी दगावले.

थकलेला मेंदू आपोआप मंदावतो, हीच झोप, असे पूर्वी पुष्कळांना वाटत असे. परंतु डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांनी मृत रोग्यांचे मेंदू बारकाईने तपासले, तेव्हा निराळेच सत्य उघड झाले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. अतिनिद्रेच्या रोग्यांत त्याची मागील बाजू बिघडलेली होती, तर निद्रानाशाच्या रोग्यांत पुढील! यावरून जागृतीचे व निद्रेचे केंद्र निरनिराळे असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले.

पुढील संशोधनाने या अनुमानास बळकटी आली. मागील बाजूच्या काही पेशी हिस्टामिन हे रसायन स्रवून मेंदूला जागे ठेवतात. पुढील बाजूच्या पेशी गाबा नामक रसायनाने त्यांना आवरतात. १९९८ साली ओरेक्झिन या रसायनाचा शोध लागला. ते जागृतीला स्थैर्य देते. ते स्रवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, तर मनुष्यास भर दिवसा काम करता करता अनावर झोप येते.

दिवसभर मेंदूचे कार्य चालू असता त्यात ॲडिनोसिन साचत जाते आणि डोळे जड होऊ लागतात. झोपेत हा साठा ओसरतो. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसिनचा मार्ग तेवढा अडविते. साठा कमी करीत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री चहा पिऊन जागणारा विद्यार्थी सावकाराला दाराबाहेर थोपवून धरतो, इतकेच. त्याने कर्ज फिटत नाही.

फॉन इकॉनोमो १९३१ साली निवर्तले. त्या रोगाचे मूळ कारण आजही निश्चित कळलेले नाही. तथापि, त्या दुर्दैवी रोग्यांमुळेच निद्रेचे रहस्य उलगडण्यास प्रारंभ झाला. निद्रा म्हणजे आळस नव्हे. ते मेंदूचे नित्यकर्म आहे.

स्वाध्याय
१. दोन प्रकारच्या रोग्यांत कोणता फरक आढळला? त्यावरून कोणते अनुमान निघाले?
२. ‘त्याने कर्ज फिटत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.