गोदुग्धाची ॲलर्जी असलेले अर्भक आणि अजादुग्ध

स्तन्याच्या अभावी अर्भकास अजादुग्ध अथवा गोदुग्ध द्यावे, असे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात सांगितले आहे. हे वचन आपणा सर्वांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. तथापि ज्या अर्भकास गोदुग्धच असात्म्य आहे, त्याच्या बाबतीत त्याचा विचार न करता अवलंब केल्यास अपाय होतो. आम्ही स्वतः ही चूक केली आहे.

तीन महिन्यांचे बालक. मातेस स्तन्य अल्प, म्हणून गाईच्या दुधापासून बनविलेली पावडर सुरू केलेली. दोन आठवड्यांत मलाबरोबर आव व रक्ताच्या रेषा, वारंवार छर्दि, गालांवर कंडूयुक्त चट्टे दिसू लागले आणि वजन वाढेनासे झाले. क्षीरालसकाशी असलेले साम्य पाहून आम्ही पावडर बंद केली व पाणी घालून उकळलेले शेळीचे दूध योजिले. पाचव्या दिवशी रक्त वाढले. बालरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यावर गोदुग्ध-प्रथिनांच्या ॲलर्जीचे निदान झाले.

ही प्रतिक्रिया मुख्यतः केसीन व बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांविरुद्ध असते. शेळी, मेंढी व म्हैस यांच्या दुधातील प्रथिनांची रचना गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती आहे, की अशा दहापैकी सुमारे नऊ बालकांना अजादुग्धही बाधते. उकळल्याने केसीनचा हा दोष जात नाही. देशी गाय, ए-टू दूध हा भेदही येथे कामाचा नाही. शिवाय अजादुग्धात फोलेट अल्प असल्याने केवळ त्यावर वाढविलेल्या अर्भकास पांडुता येऊ शकते. काही ठिकाणी गाढविणीचे कच्चे दूध चमचाभर पाजण्याची प्रथा आहे, तिला तर आपण कोणीच दुजोरा देऊ नये.

लॅक्टोज ही दुधातील शर्करा न पचणे हा निराळा विकार होय. ‘लॅक्टोज-विरहित’ असे छापलेल्या बहुतेक डब्यांत गाईच्या दुधाची प्रथिने अबाधित असतात. ते अशा बालकास चालत नाहीत.

बालक स्तनपान करीत असेल तर ते कदापि थांबवू नये. मातेने दूध, दही, ताक, पनीर, खवा व दुधाची बिस्किटे दोन ते चार आठवडे वर्ज्य करावीत. या काळात तिला कॅल्शियम व जीवनसत्त्व ‘ड’ अवश्य द्यावे. लक्षणे शमल्यावर दूध पुन्हा घेऊन ती उलटतात का, हे पाहिल्याखेरीज निदान पक्के मानू नये.

स्तन्य पुरत नसल्यास ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युला द्यावा लागतो. यात प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले असल्याने किमान नव्वद टक्के बालकांना तो सोसतो. त्यानेही लक्षणे न शमल्यास, पूर्वी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असल्यास अथवा वाढ फारच खुंटली असल्यास केवळ अमिनो आम्लांचा फॉर्म्युला योजतात. सोयाबीनचा फॉर्म्युला सहा महिन्यांपूर्वी देऊ नये, आणि त्यानंतरही काही बालकांना सोयाबीन बाधते. निवड बालरोगतज्ज्ञांनीच करावी. व्यापारी नावे आम्ही देत नाही, कारण दुग्धपर्यायांच्या प्रचारास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

या फॉर्म्युल्यास कडवट चव व उग्र वास असतो, आणि त्यावर बालकास हिरवट, सैल मल होतो. माता घाबरून आपल्याकडे येते व आपण पित्तातिसार समजून औषध देतो. बालक खेळते असेल, वजन वाढत असेल व मलात रक्त नसेल, तर औषधाची गरज नाही. फॉर्म्युला महाग असल्याने घरची मंडळी तो पातळ करतात, याची मात्र नेमकी चौकशी करावी. डब्यातील मापानेच पावडर घ्यावी.

आता आपल्या औषधांविषयी. क्षीरपाक तर उघडच वर्ज्य. पण घृतातही प्रथिनांचे अंश राहू शकतात. म्हणून सुवर्णप्राशन वा अन्य घृतकल्प देण्यापूर्वी दुधाच्या ॲलर्जीविषयी विचारावे, व ती असल्यास ते थांबवावेत. दूध घेताच अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासास अडथळा किंवा ग्लानी आल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

वर्ज्यकाळ किमान सहा महिने, अथवा बालक नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत असतो. त्यानंतर दूध देऊन पाहतात. तीव्र प्रतिक्रियेचा पूर्वेतिहास असल्यास हे रुग्णालयातच करावे. आमच्या त्या बालकास अकराव्या महिन्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दूध दिले, ते सोसले. घृतकल्प आम्ही त्यानंतरच सुरू केले.