नवी कोंबडी आजारी पडली तर...

बाजारातून आणलेल्या कोंबड्या बरेच जण त्याच दिवशी जुन्या खुराड्यात सोडतात. चार दिवसांत एखादी मान टाकते, हिरवट हगते. मग ‘मरण्यापूर्वी कापून खाऊ’ असा विचार होतो. तो धोक्याचा आहे.

अशी लक्षणे बहुधा मानमोडीची (राणीखेत) असतात. तिच्यापासून माणसाला सहसा डोळे येण्यापलीकडे त्रास होत नाही. पण बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो आणि तो क्वचित माणसालाही होतो. नुसते पाहून फरक कळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे १०० कोंबड्या दगावल्या. प्रयोगशाळेच्या तपासणीनंतरच बर्ड फ्लूचे निदान झाले.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नवीला घालावे.

२) आजारी कोंबडी कापू नये, विकू नये. मेलेली ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये.

३) एकापाठोपाठ कोंबड्या मेल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. माणसांच्या गोळ्या कोंबड्यांना देऊ नयेत.

४) खुराडे झाडताना नाक-तोंड झाकावे, नंतर हात साबणाने धुवावेत. मुलांना दूर ठेवावे.

५) त्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, दम लागणे किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाल्यास डॉक्टरांना कोंबड्यांची हकीगत आधी सांगावी. त्यावरून उपचाराची दिशा ठरते.

निरोगी कोंबडीचे मांस व अंडी पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाही.