पाळकाच्या घरातील शाळा

मनुष्य किती इयत्ता शिकला यावरून त्याचे शिक्षण मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. दाखला, गुणपत्रिका आणि पदवी ही त्याची मापे. परंतु ज्यांच्या आईवडिलांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही, अशा आम्हा मुलांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. आपण शिकलो, मग घराचे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घर आठवते.

आमच्या वसईत चर्चची सेवा म्हटली की फादर डोळ्यांसमोर येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तर १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून अक्षरसेवाही केली. पण कॅथलिक फादर अविवाहित असतात. प्रपंच सांभाळून धर्मसेवा करणाऱ्या बापाचे घर पाहायचे, तर प्रॉटेस्टंट पाळकांकडे, म्हणजे अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) वळावे लागते.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या वर्षांत पतिपत्नींना ताटातूट सोसावी लागली. पुढे १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. एवढ्या व्यापातही त्यांचे घर शिकणाऱ्यांना मोकळे होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. त्यांनी धर्म बदलला नाही आणि लक्ष्मीबाईंची मायाही आटली नाही.

स्वतः लक्ष्मीबाईंना रीतसर शालेय शिक्षण लाभले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या घरातच शिकल्या. या घरगुती शिक्षणाचे मोल टिळकांच्या पश्चात कळले. १९१९ साली ते वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी! शाळेचा दाखला नसलेल्या स्त्रीने विद्वान पतीचे काव्य हाती घ्यावे, याहून शिक्षणाची मोठी परीक्षा कोणती?

यापुढची गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. पुत्र देवदत्त शिकलेले होते. वडिलांच्या चरित्रासाठी त्यांना आठवणी हव्या होत्या, आणि त्यांनी त्या आईकडे मागितल्या. त्यातून १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग प्रसिद्ध झाले. घरात बोलावे तशी साधी, खट्याळ मराठी त्यांत आहे. शिकलेल्या मुलाने आईची भाषा ‘शुद्ध’ करण्याचा हट्ट धरला असता, तर मराठी साहित्य केवढ्या ठेव्याला मुकले असते!

आपण मात्र उलट वागतो. चार पुस्तके वाचताच आईवडिलांना समजावून सांगू लागतो. वसईच्या वाडीत राबणाऱ्या, पहाटे भाजी आणि फुले घेऊन बाजाराला निघणाऱ्या माणसांजवळ जे ज्ञान आहे, ते कोणत्या क्रमिक पुस्तकात आहे? घरातली सामवेदी बोली महाविद्यालयाच्या फाटकाशी आली की आपण संकोचाने गिळून टाकतो.

मित्रहो, शिक्षणाने बोलायला शिकवले, तसे विचारायलाही शिकवले पाहिजे. येत्या सुटीत एक वही घ्यावी, आईजवळ बसावे आणि तिच्या लहानपणाविषयी विचारावे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. तिला लिहिता येत असेल, तर लेखणीच तिच्या हाती द्यावी. घरातला पहिला पदवीधर होण्याचे खरे सार्थक त्या वहीत आहे, असे मला वाटते.